पठार कुणाचं

या बंदरातला मासेमार एक वेळ बायकोशी खरं बोलेल, पण वायरलेसवर बोलणार नाही. मासा कुठे लागलाय हे सांगितलं की दुपारपर्यंत अख्खं बंदर जाळी घेऊन तिथे हजर होणार. मग सांगतो कोण? मच्छीमार सोसायटीच्या माडीवरच्या खोलीत बसून ताई रोज सकाळी बोटींची हजेरी घ्यायची, आणि रोज सकाळी सगळे मिळून तिला थापा मारायचे.

"कुठे आहेस रे?"

"कुठे असणार, दिव्याच्या उत्तरेला. मासा औषधालाही नाही, ताई. नुसतं डिझेल जाळतोय."

म्हणजे गडी दिव्याच्या, त्या दीपस्तंभाच्या, दक्षिणेला आहे आणि जाळं ओढून ओढून त्याची कंबर मोडायला आलीय, एवढं ताईला कळायचं. "बरं बरं, जपून जाळ," असं म्हणून ती पुढच्या बोटीला हाक मारायची. ताई ही सगळ्यांचीच ताई. पांढऱ्या मिशांचे बाप्येसुद्धा तिला ताईच म्हणायचे. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याला वाढवण्यात तिच्या लग्नाचं राहून गेलं, आणि पुढे लोकांनी विचारायचंही सोडून दिलं. भाऊ मोठा झाला, वडिलांची निळी बोट चालवायला लागला, आणि थापा मारण्यात त्याने असं काही नाव काढलं की त्या थापाड्यांच्या बंदरातही 'थापाड्या' म्हटलं की तोच.

हजेरी संपली की जावई यायचा.

जावई म्हणजे कुणाचा जावई नव्हे. समुद्रापलीकडच्या त्या मोठ्या देशाला बंदरात सगळे 'मोठं घर' म्हणायचे, आणि मोठ्या घरच्या गस्तीच्या जहाजावरून जो माणूस रोज बोलायचा, त्याचं नाव पडलं जावई. बोलणं इतकं अदबीचं, जणू पहिल्यांदाच सासुरवाडीला जेवायला आलाय. आपली भाषा तो पुस्तकातून शिकला असणार.

"नमस्कार. आपण आमच्या सागरी हद्दीच्या जवळ आला आहात. कृपया मागे फिरावे. आपला दिवस शुभ जावो."

"घरातून हाकलतोय, पण किती गोड हाकलतोय बघा!" बोटींवरची माणसं म्हणायची, आणि त्याच चॅनलवर त्याला अशा काही शेलक्या शिव्या हासडायची की ताईला माइकवर ओरडावं लागायचं, "अरे, मी ऐकतेय इथे, जरा तरी लाज बाळगा!" त्या शिव्या कुठल्याच पुस्तकात नसाव्यात, कारण जावई सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, नमस्कार, आपण आमच्या सागरी हद्दीच्या जवळ आला आहात.

मोठं घर काही पहिल्यापासून मोठं नव्हतं. ताईच्या लहानपणी त्यांच्या बोटी आपल्याहून फाटक्या असायच्या. वादळ आलं की याच बंदरात आसऱ्याला यायच्या, आणि तिचे वडील त्या परक्या माणसांना घरी आणून पोटभर जेवू घालायचे. पुढे त्यांच्याकडे कारखाने आले, पैसा आला. मालाला जहाजं लागली, जहाजांना वाटा लागल्या, आणि वाटांच्या राखणीला तोफा. गरिबीतून वर आलेल्याचा राग कशाला धरायचा, असं ताईला मनापासून वाटायचं. पण वर येता येता त्यांनी पाय ठेवला तो नेमका पठारावर.

पठार म्हणजे पाण्याखालची उथळ जमीन, भरसमुद्रात, बंदरातून पहाटे निघालं तर उन्हं चढेपर्यंत गाठता येईल अशी. तिथल्यासारखा मासा कुठेच लागत नाही. ताईच्या आजोबांनी तिथे जाळी टाकली, वडिलांनी टाकली. मोठ्या घराने पठाराच्या पलीकडच्या टोकाला जहाजं भरभरून वाळू ओतली आणि बघता बघता बेट उभं केलं. बेटावर विमानाची धावपट्टी आली, कसले कसले मनोरे आले. मग नकाशावर एक रेघ ओढली आणि सांगितलं, इथून पुढे आमचं. सगळं पठार रेघेच्या पलीकडे गेलं. आपलं सरकार म्हणालं, ही रेघ आम्हाला मान्य नाही, पठार आपलंच आहे, पण तूर्त कुणी तिकडे जाऊ नका.

"म्हणजे बायको माझीच, पण माहेरून आणायची नाही," असं एक म्हातारा भर सभेत म्हणाला होता, आणि सभा हसून हसून मोडली होती.

हसण्यासारखं मात्र फारसं काही उरलं नव्हतं. आपलं सरकारही घाबरलं होतं. लांबच्या एका बलाढ्य देशाने मैत्री म्हणून करड्या रंगाची जहाजं दिली, सोबत आपली माणसंही पाठवली. त्या पाहुण्यांसाठी धक्क्याचा अर्धा भाग काटेरी तार लावून बंद झाला. बर्फाचा कारखाना होता तिथे दारूगोळा आला, आणि बर्फ लांबून ट्रकने, निम्मा वितळून यायला लागला. आजूबाजूचे छोटे देशही उसनंपासनं करून जहाजं घेत सुटले. जो तो म्हणायचा, आम्हाला भांडायचं नाही, पण शेजाऱ्याने घेतलं तर आम्ही काय हात चोळत बसायचं? नुकतंच रेघेजवळ आपलं एक जहाज आणि त्यांचं एक जहाज एकमेकांना घासलं. दोष कुणाचा ते देव जाणे. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना अडीअडचणीत बोलायला एक फोन होता, तोही त्या रागाच्या भरात बंद झाला.

तटरक्षक दलाने प्रत्येक बोटीला एक डबा बसवून दिला होता. बोट कुठे आहे ते त्या डब्यामुळे त्यांच्या पडद्यावर दिसायचं. डबे वाटायला आलेला चष्मेवाला साहेब तरुण होता, भला होता, आणि मोठ्या कळकळीने म्हणाला होता, "काका, हे तुमच्याच जिवासाठी आहे." मासेमारांनी माना डोलावल्या. डबे कुणी फोडले नाहीत की पाण्यात टाकले नाहीत, सरकारी वस्तूचा असा अपमान कोण करेल! त्यांनी फक्त ते आपसात फिरवले. ज्याला चोरून कुठे जायचं असेल त्याने आपला डबा मित्राच्या बोटीत ठेवायचा, पुढच्या खेपेला मित्राचा आपल्या बोटीत घ्यायचा. साहेबांच्या पडद्यावर सगळं बंदर कसं शिस्तीत, दिव्याच्या आसपास मासे पकडत असायचं. ताईला हे ठाऊक होतं, सगळ्या बंदराला ठाऊक होतं.

त्या दिवशी हजेरीत निळ्या बोटीची पाळी आली.

"कुठे आहेस?"

"दिव्याच्या उत्तरेला, ताई," थापाड्याचा आवाज आला. "सोबत मेहुणा आहे, समुद्र शांत आहे, तुझी आठवण येतेय."

आठवण येतेय म्हटल्याबरोबर ताईने हातातली पेन्सिल खाली ठेवली. गोड बोलायला लागला की हा नक्की कुठेतरी कडमडलेला असायचा. "हे बघ, तुझ्या बायकोला शब्द दिलायस तू. विसरू नकोस," ती म्हणाली. पठारावर जाणार नाही असा तो शब्द होता. त्याच्या बायकोचा सख्खा भाऊच मेहुणा म्हणून बोटीवर असायचा. दोघे एकाच बोटीत, म्हणून त्या बाईचा जीव कायम टांगणीला लागलेला.

"मी कधी शब्द मोडलाय का?" थापाड्या म्हणाला. चॅनलवर पाच-सहा जण एकदम हसले.

दुपारी ताई डब्यातली पोळी मोडत होती, तोच वायरलेस खरखरला. "ताई... पट्टा तुटला... पंप बंद... पाणी भरतंय..." पुढे नुसती खरखर. तिने हाका मारल्या. घसा फुटेपर्यंत मारल्या. पलीकडून काही आलं नाही.

तिने तटरक्षक दलाला फोन लावला. चष्मेवाला साहेब स्वतः बोलला, "घाबरू नका, ताई, मला ती बोट पडद्यावर दिसतेय. दिव्याच्या उत्तरेलाच आहे. आमची बोट तिथून जवळच आहे, आत्ता पोहोचेल." आणि ताई, जिला डब्यांचं सगळं गौडबंगाल ठाऊक होतं, ती एवढंच म्हणू शकली, "साहेब, बघून सांगा." कारण आशा वेडी असते हो. न जाणो, आज खरंच उत्तरेला असेल.

उत्तरेला सापडली थापाड्याच्या मित्राची बोट. मित्र तोंड लपवत होता, आणि त्याच्या बोटीत दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले होते.

साहेब जिने चढून सोसायटीच्या खोलीत आला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याच्या पाठोपाठ थापाड्याची बायकोही आली, बातमी कळली तशी पायात चप्पल न घालता. ती दाराशी उभी राहून एकदा ताईकडे, एकदा साहेबांकडे बघायला लागली.

"तो पठारावर आहे," ताई म्हणाली. "पश्चिमेच्या टोकाला. बाबा तिथेच जाळं टाकायचे."

"खात्री आहे?"

"साहेब, मी त्याला बोट धरून चालायला शिकवलंय. तो कुठे जातो ते मला कळतं. चिडा माझ्यावर, आम्हाला सगळ्यांना आत टाका, पण आधी जहाज पाठवा."

साहेब खाली बसला. चष्मा काढून त्याने डोळे चोळले. "नाही पाठवता येत, ताई," तो म्हणाला. "रेघ ओलांडायची तर राजधानीतून परवानगी लागते. मी मागितलीय. पण ते विचार करणार, पाहुण्यांना विचारणार. संध्याकाळ होईल, कदाचित उद्या. आणि परवानगी न घेता गेलो, तर ते म्हणतील चाल करून आले. तोफांवरची कापडं दोन्हीकडे काढलेली आहेत. एकाचा हात हलला तर तुमचे दोन राहू द्या, दोनशे जातील."

"मग त्यांनाच सांगा ना! त्यांचं जहाज तिथे उभंच असतं."

"कसं सांगू? फोन बंद आहे. वायरलेसवर त्यांच्याशी बोलायला आम्हाला सक्त मनाई आहे."

थापाड्याची बायको दारातून आत आली. ती म्हणाली, "ताईंना कुठे मनाई आहे?"

ताईने साहेबांकडे बघितलं. तो बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी तुम्हाला बोलू नका असं सांगितलंय. कुणी विचारलं तर मी सांगितलं होतं, बरं का." एवढं बोलून तो जागचा हलला नाही, आणि त्याने माइकही काढून घेतला नाही.

ताईने माइक उचलला. त्या माणसाला इतकी वर्षं तिने रोज ऐकलं होतं, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"गस्तीच्या जहाजाला बंदर सोसायटीची हाक. ऐकताय का?"

"नमस्कार," लगेच उत्तर आलं. "ऐकत आहे. बोलावे."

"आमची एक बोट बुडतेय. पठाराच्या पश्चिम टोकाला. निळी बोट आहे, दोन माणसं आहेत. त्यातला एक माझा भाऊ आहे. आमचं कुणी तिथे पोहोचू शकत नाही, तुम्ही पोहोचू शकता. त्यांना काढा."

"कृपया थांबावे," जावई म्हणाला. त्याच्या मागे त्यांच्या भाषेत कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. जावई काहीतरी म्हणाला, तो दुसरा आवाज आणखी चढला. मग जावई परत आला. आता तो वाचून दाखवल्यासारखा बोलत होता.

"ही नौका आमच्या सागरी हद्दीत आहे, हे आपणास मान्य आहे का?"

ताईला आधी समजलंच नाही. "अहो, माणसं बुडतायत!"

"मला समजते. कृपया उत्तर द्यावे. ही नौका आमच्या सागरी हद्दीत आहे, हे आपणास मान्य आहे का?"

साहेब ताडकन उभा राहिला. "ताई, हे रेकॉर्ड होतंय," तो हळूच म्हणाला. "सगळं जग ऐकेल." तो पुढे काहीतरी म्हणणार होता, पण थापाड्याच्या बायकोकडे बघून पुन्हा खाली बसला. चॅनलवर बोटींची सगळी माणसं ऐकत होती. एरवी शिव्यांचा पाऊस पाडणारी माणसं, पण कुणाच्या तोंडून ब्र निघाला नाही.

ताईच्या डोळ्यांसमोर वडील उभे राहिले. पठारावरून परत आले की पायऱ्यांवर बसून मिशीतल्या मिशीत हसायचे, आणि कुणी विचारलं तर दिव्याच्या उत्तरेला बोट दाखवायचे. आजोबांपासूनचं ते पठार. त्याच्यासाठी सरकारने जगभर वकील उभे केले होते, जहाजं आणली होती, भाषणं केली होती. आणि ते आता तिच्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. तिला संताप आला, जावयाचा आला, रेघेचा आला, आणि त्या गाढव भावाचा तर असा आला की समोर असता तर दोन ठेवून दिल्या असत्या.

"ताई," जावयाचा आवाज एकदम खाली आला. वाचून दाखवणं थांबलं होतं. रोजची हजेरी ऐकून ऐकून तो तिला काय म्हणतात ते शिकला होता. "ताई, कृपया लवकर उत्तर द्यावे."

"हो," ताई म्हणाली. "मान्य आहे. तुमच्या हद्दीत आहे. पठार तुमचं! झालं समाधान? आता जा आणि माझी माणसं काढा."

"आम्ही निघालो आहोत," जावई म्हणाला.

मग वाट बघणं आलं. थापाड्याची बायको भिंतीला टेकून खाली बसली, ताई तिच्या शेजारी जाऊन बसली. तिचा हात हातात घेतला तर तो गारठून गेला होता. साहेब खिडकीशी उभा राहून काच पुसत होता, खरं तर काच स्वच्छच होती. उन्हं भिंतीवरून खाली उतरली तेव्हा वायरलेस बोलला.

"दोन व्यक्ती सुरक्षित आहेत. नौका बुडाली. एक व्यक्ती सारखी बोलत आहे, तिला काहीही झालेले नाही."

थापाड्याची बायको हसली आणि हसता हसताच तिला हुंदका फुटला. ताई रडली नाही. तिने जावयाला थँक्यू म्हटलं, माइक खाली ठेवला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलोय.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज मोठ्या घरच्या टीव्हीवर लागला, आणि तिथून सगळ्या जगाच्या टीव्हीवर. 'पठार तुमचं.' मागचं पुढचं सगळं कापलेलं, माणसं बुडतायत हे कापलेलं, उरले ते दोनच शब्द. भाजीवाली रोज दोन मिरच्या जास्तीच्या टाकायची, तिने पिशवी भरली आणि तोंड फिरवलं. सोसायटीचा चेअरमन घरी आला, चहा प्यायला, तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाला, "ताई, थोडे दिवस विश्रांती घ्या." म्हणजे कामावर येऊ नका. कुणीतरी तिच्या दारावर कोळशाने एक घाणेरडा शब्द लिहिला. थापाड्याच्या बायकोने तो घासून घासून पुसला आणि रस्त्यात उभी राहून अख्ख्या गल्लीचा उद्धार केला.

कोळशाचं ताईला फारसं काही वाटलं नाही. लागलं ते वेगळंच. पठारावर जाळी टाकणारी म्हातारी माणसं, वडिलांच्या बरोबरीची, रस्त्यात भेटली की तिची नजर चुकवायची. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खचल्यासारखी दिसायची. आपण भावाला मागून घेतलं आणि त्यांचं सगळं देऊन टाकलं, असं तिला वाटायचं. परत तसाच प्रसंग आला तर परत हेच बोलेन, एवढं मात्र तिला पक्कं माहीत होतं, आणि त्याचाही तिला त्रास व्हायचा.

बंदरातही वातावरण तापलं. पाहुण्यांचं आणखी एक अजस्र जहाज आलं आणि धक्क्याची उरलेली जागाही अडली. शेजारचे देश तातडीने परिषदेला बसणार, असं बातम्यांत सांगत होते.

काही दिवसांनी मोठ्या घराने दोघांना रेघेवर आणून परत केलं. धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यांना घरी जाऊच दिलं नाही, थेट बंदर कचेरीत नेलं. मेहुण्याला ताप होता, त्याला डॉक्टरकडे पाठवलं. थापाड्याला आतल्या खोलीत बसवलं. ताईलाही तिथे बोलावून घेतलं होतं. भावाला बघितल्याबरोबर ती उठली, पण टेबलापलीकडच्या गृहस्थांनी हाताने खूण करून तिला बसवलं. ते राजधानीचे साहेब होते, केस विंचरलेले, आवाज मृदू. चेअरमन होता, आणि कोपऱ्यात चष्मेवाला साहेब उभा होता.

"तू सुखरूप आलास, आनंद झाला," राजधानीचे साहेब म्हणाले, आणि त्यांना तो खरंच झालेला दिसत होता. "आता एक काम आहे. बाहेर टीव्हीवाले उभे आहेत. तू त्यांना सांगायचं की तू रेघेच्या अलीकडे होतास. त्यांच्या जहाजाने तुला धडक दिली आणि तुला ओढून पलीकडे नेलं. तुझी बहीण घाबरली होती, तिच्याकडून जे वदवून घेतलं ते ती बोलली. बस, एवढंच."

"आणि मग?" थापाड्याने विचारलं. तो बराच वाळला होता. अंगात कुणाचा तरी परका, लांब बाह्यांचा स्वेटर होता.

"मग परिषदेत त्यांच्या रेकॉर्डला काही किंमत राहणार नाही. तुला नवी बोट मिळेल. ताईंना नोकरी परत."

चेअरमन जोरजोरात मान हलवायला लागला. ताईच्याही मनात आलं, सांगून टाक रे बाबा. आयुष्यभर कुठे आहेस याच्या थापाच तर मारल्यास, आणखी एक मार. पठार परत येईल, बोट येईल, म्हातारी माणसं नजर वर करून बघतील. थापाड्याने तिच्याकडे बघितलं तेव्हा तिने डोळ्यांनी त्याला हो म्हटलं.

"साहेब, त्यांनी मला धडक दिली, असं मी म्हटलं," थापाड्या सावकाश म्हणाला, "तर आपण गप्प बसणार नाही ना?"

"गप्प कसं बसता येईल? आपली जहाजं रेघेपर्यंत जातील."

"म्हणजे हे जातील." त्याने कोपऱ्यातल्या चष्मेवाल्या साहेबाकडे बोट दाखवलं.

"आणि तिकडून तो येईल," थापाड्या म्हणाला. "जावई. बघितलंय मी त्याला. पोरगेलासा आहे हो, हनुवटीवर पुटकुळ्या आहेत. मला वर ओढलं ते त्यानेच. हा स्वेटर त्याचाच. मी थंडीने काकडतोय, आणि हा विचारतोय काय, तर ताई माझ्यावर रागावल्या आहेत का?"

राजधानीचे साहेब पुढे वाकून म्हणाले, "माणूस चांगला असेल. त्याच्यामागचं घर चांगलं आहे असं नाही. आज पठार घेतलं, उद्या दिवा घेतील, परवा हे बंदर."

"घेतीलही," थापाड्या म्हणाला. "तुम्ही म्हणता ते खोटं नाही, साहेब. तुम्ही भांडा, पठार सोडू नका. पण माझ्या तोंडून हे नको. मी पठारावर होतो. पंपाचा पट्टा तुटला, कारण मी तो वेळेवर बदलला नाही, आणि मी सापडलो नाही, कारण माझा डबा दुसऱ्याच्या बोटीत होता. मला कुणी बुडवलं नाही. मी माझ्या अकलेने बुडालो."

"तुझं लायसन जाईल. आणि बहिणीला लोक काय म्हणतील, विचार केलास?"

आता थापाड्या उठून उभा राहिला. "तिने सगळ्या जगासमोर मला मागून घेतलं, साहेब. मला काढायला ती जे बोलली ते खोटं होतं, असं मी म्हणू? मग मी घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

त्याला कुणी अडवलं नाही. दाराशी चष्मेवाल्या साहेबाने बाजूला होऊन वाट दिली आणि जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर कॅमेऱ्यांसमोर उभं राहून थापाड्याने सगळं सांगितलं, पठाराचं पश्चिम टोक, तिथली खोली, कुठल्या खडकाशी जाळं टाकतात ते सुद्धा.

"पठार कुणाचं?" एकाने ओरडून विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. माझ्या बाबांना विचाराल तर आमचं. मला पाण्यातून कुणी काढलं, ते मात्र मी सांगितलं."

गर्दीत मागे उभा असलेला एक म्हातारा कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे बेअक्कल्या, खडकसुद्धा सांगितलास!"

ताई आणि थापाड्या मागच्या जिन्याने उतरले. अर्ध्या जिन्यात ताई थांबली, आणि तिने भावाच्या पाठीत असा काही रपाटा घातला की तो दोन पायऱ्या खाली गेला. मग तिचा बांध फुटला. इतके दिवस अडवून धरलेलं सगळं तिथेच, जिन्यातच बाहेर आलं.

"पठार घालवलं रे मी," ती म्हणाली. "बाबांचं पठार. एका शब्दात घालवलं."

"पठार कुठे जातंय, ताई? ते समुद्रात आहे तिथेच आहे." त्याने स्वेटरच्या लांब बाहीने तिचे डोळे पुसले. "मी नसतो."

खाली दाराशी त्याची बायको उभी होती. ताईने त्याचा हात धरला, आणि त्या काटेरी तारेच्या कडेकडेने तिघं घरी निघाली.